गुरुवारच्या घरचा समुद्र

शिवलिंगनं समुद्र कधी पाहिला नव्हता, पण समुद्राबद्दल बोलायला लागला की ऐकणाऱ्याला वाटावं, हे पोरगं रोज सकाळी तिथंच तोंड धुऊन येतंय. देवणीच्या जंगमाचा मुलगा, वय सतरा, अंगानं काडी. नांदेडला आला मॅट्रिक व्हायला, आणि नाद लागला इंग्रजी पुस्तकांचा! निजामाचं राज्य, शाळा सगळी उर्दूतून, घरी मराठी, देवणीच्या बाजारात निम्मी कानडी, आणि ह्याच्या डोळ्यांपुढं विलायतेचं धुकं. त्याचे वडील म्हणायचे, "आमचं येडं तापतंय गोदावरीच्या उन्हात, आन् कुडकुडतंय विलायतेच्या थंडीनं." खोटं नव्हतं ते.

त्याच्याकडं एक वही होती. कुठल्याही इंग्रजी पुस्तकात तीच तीच गोष्ट फिरून आली की तो ती वहीत मांडायचा. पहिल्या पानावर लिहिलं होतं: इंग्रज उन्हाची वाट पाहतात. उन्हाळा आला की कविता करतात, हिरवळीवर लोळतात. शिवलिंगला हसू यायचं. वैशाखात नांदेडला या म्हणावं, कविता करायला! पुढं लिहिलं होतं, की त्यांच्याकडं प्रेम असतं पण ते कोणी बोलून दाखवत नाही, त्यातच दोनशे पानं जातात. मग समुद्र. आणि सगळ्यांत शेवटी, दोन रेघा ओढून, वाट पाहणं. शिवलिंगचं मत असं, की विलायतेत जन्माला आलेली प्रत्येक बाई खिडकीत बसून कोणाची तरी वाट पाहते, आणि जगात त्याहून सुंदर काही नाही.

आता हे सगळं सुचायला पोट भरलेलं लागतं. त्याची सोय सात घरांनी केली होती. शिकायला आलेल्या गरीब पोरांना तेव्हा वार लावून देत, म्हणजे आठवड्याचा एकेक दिवस एकेका घरी जेवायचं. सोमवारी कापडवाले, मंगळवारी वैद्य, असं करत गुरुवारी तो यायचा चौफाळा मोहल्ल्यात, नीलम्माच्या घरी.

नीलम्मा विधवा. दोन म्हशी, दुधाचे रतीब आणि तलवारीसारखी जीभ, एवढ्यावर तिनं घर चालवलं होतं. शिवलिंग तिच्या लेकराच्या वयाचा, पण पडला जंगम, म्हणजे लिंगायतांचा गुरू, तेव्हा ती त्याला स्वामी म्हणायची, अहो-जाहो करायची. राग आला की मात्र सरळ अरे-तुरे. घरात आणखी एकच माणूस, तिची सून सुगला. लग्नाला साडेतीन वर्षं झालेली, संसार तीन महिन्यांचा. नीलम्माचा एकुलता एक मलप्पा आईशी भांडून मुंबईला गेला होता आणि तिथून जहाजावर, कोळसा टाकायच्या कामाला. लढाई पेटलेली. मुंबईहून एक कार्ड आलं, 'जहाज उद्या सुटतं', एवढंच. पुढं तीन वर्षं काही नाही. ना कार्ड, ना तार, ना माणूस.

श्रावण संपता संपता, एका गुरुवारी, शाळेतून थेट जेवायला येताना शिवलिंगच्या काखेत एक जाड पुस्तक होतं. इंग्रजीचे मास्तर करीमसाहेब, त्यांनी ते आपल्या पेटीतून काढून दिलेलं. मास्तर फार मऊ माणूस. शेरवानीचं एक बटण कायम तुटलेलं, आणि इंग्रजी शिकवताना डोळे मिटलेले.

तर पान वाढेपर्यंत शिवलिंगनं पुस्तक उघडलं, आणि नेहमीची खोड झाली. उर्दू पुस्तक उजव्या अंगानं उघडतं. पहिलीपासूनची सवय हाताला, त्यामुळं इंग्रजी पुस्तक हातात आलं तरी हात उजवीकडचा पुठ्ठा आधी उचलायचा आणि नजर जाऊन पडायची ती शेवटच्या पानावर. अख्ख्या वर्गाची हीच गत. करीमसाहेब म्हणायचे, "क्या मियाँ, मय्यत पहले, पैदाइश बाद में?" ह्या शाळेतल्या पोरांना प्रत्येक कादंबरीत कोण मरतं ते आधी कळायचं आणि तो कोण होता ते मागून.

त्या दिवशीही तसंच. शेवटच्या पानावर एक म्हातारी, केस पांढरे, समुद्राकाठच्या घरात उघड्या खिडकीशी बसलेली. ज्याची वाट पाहिली तो आला नाही. समुद्र शांत होता. बस्स. शिवलिंगच्या अंगावर काटा आला. काय सुंदर आहे म्हणून तो भारावला, आणि पुस्तक उलटून मुकाट पहिल्या पानाला लागला.

"काय हाय ओ त्या बुकात?" नीलम्मानं भाकरी वाढत विचारलं.

"एक माणूस असतो. नवीन लग्न झालेला. तो जहाजावर जातो."

नीलम्माचा हात तिथंच थांबला. चुलीपाशी सुगला भाकरी थापत होती, तो आवाजही थांबला.

"येतो का माघारी?"

शिवलिंगच्या तोंडात घास होता. त्याला उत्तर ठाऊक होतं. पण त्या बाईच्या तोंडाकडं पाहून जगात कोणाला ते बोलता आलं असतं? तो म्हणाला, "अजून वाचायचंय."

जिऱ्याएवढं खोटं. पण नीलम्मानं ते तिथंच उचललं. भाकरी ताटात टाकली, हात धुतले, गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि म्हणाली, "मग म्या ह्या बुकाला कौल लावते. त्यो आला तर माझा मलप्पा येणार. न्हाई आला तर न्हाई. तुम्ही जंगम हाव स्वामी, तुमच्या तोंडचं खोटं होत न्हाई. दर गुरुवारी थोडं थोडं सांगा."

देवाला फुलं लावून कौल मागणाऱ्या बायका शिवलिंगनं पाहिल्या होत्या. इंग्रजी कादंबरीला कौल लावणारी ही पहिलीच. त्याला आधी गंमत वाटली, आणि रस्त्यावर आल्यावर शेवटचं पान आठवलं.

पुढचे सात महिने तो काय जगला म्हणता! गुरुवार ते गुरुवार. पुस्तक त्यानं दिवाळीआधीच वाचून संपवलं होतं, पण गोष्ट काही संपू देईना. पुस्तकात एक वादळ होतं, ह्यानं चार केली. मध्येच एक बेट घातलं, तिथल्या राजाला पंचकल्याणी घोडा दिला. जहाजावर ज्वारीची पोती चढवली. नीलम्मानं विचारलंच होतं ना, की पोरगं तिथं खातं काय! कप्तान तिच्या मनाला आला नाही, तर त्याला पटकी लावून मारला. नीलम्मा म्हशीची धार काढता काढता ऐकायची आणि मध्येच ओरडायची, "आरं, घोंगडं दिलं न्हाई का त्याला कुणी?" मग पुढच्या गुरुवारी जहाजावर घोंगडी यायची.

आणि त्याला स्वतःलाही ते सगळं दिसायला लागलं. माघाच्या थंडीत पहाटे तो नदीवर अंघोळीला जायचा, तेव्हा गोदावरीवर धुकं उतरलेलं असायचं. पलीकडचा काठ नाही, होड्या नाहीत, नुसतं पांढरं पाणी आणि पांढरं आभाळ. गुरुद्वाऱ्यातून कीर्तनाचे सूर पाण्यावरून येत. शिवलिंग पायरीवर बसून राहायचा, गारठलेला, ओला पंचा अंगावर तसाच. वाटायचं, आत्ता ह्या धुक्यातून शीड दिसेल. वाटायचं, गोदावरी इथून पुढं खाली जाते, मग राजमहेंद्री, मग समुद्र, म्हणजे हे पाणीच तिकडं पोचणार आहे. मलप्पाच्या जहाजाला लागणार आहे. मग सूर्य वर यायचा, धुकं विरायचं, समोर धोबी कपडे आपटत असायचे, आणि शाळेला उशीर झालेला असायचा.

त्याच दिवसांत त्यानं वाट पाहण्यावर निबंध लिहिला. इंग्रजीत, आठ पानं. माणूस निघून जातो आणि वाट पाहणारी तिथंच राहते, म्हणून खरं घर तीच. समुद्र सगळं नेतो, पण खिडकीतला दिवा त्याला नेता येत नाही. ज्याची वाट पाहिली तो आला तर गोष्ट लहान होते, न आला तर मोठी. असं बरंच. करीमसाहेबांनी वर्गात वाचून दाखवला. शेवटी डोळे पुसले आणि म्हणाले, "इंतजार! मियाँ, सारी शायरी इसी एक लफ़्ज़ की है." शिवलिंग तो आठवडाभर जमिनीवरून चालला नाही. लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर जी बाई होती तिला निळे डोळे होते. चुलीपाशी बसलेली सुगला इतक्या महिन्यांत त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती, आणि हा गडी तिच्या हातच्या भाकरी खाऊन निळ्या डोळ्यांवर निबंध लिहीत होता. शहाणपण म्हणतात ते असं!

फाल्गुनात लातूरहून सुगलाचा भाऊ आला. शंकरप्पा त्याचं नाव, अडत दुकानात मापाडी, बोलायला सरळ माणूस. नेमका गुरुवार. शिवलिंग जेवत होता, त्याच्यासमोरच त्यानं विषय काढला.

"मामी, साडेतीन वर्षं झाली. बहीण माझी वीस वर्षांची हाय. औशाचा एक माणूस तयार हाय, पैली बायको मेलेली, चांगला हाय, दारूचा थेंब न्हाई. पाट लावून देऊ म्हणतो. तुम्ही हाव म्हणल्याबिगर म्या नेत न्हाई. पण किती दिवस बसवून ठेवायची तिला?"

पाट म्हणजे दुसरा घरोबा. त्यांच्यात चालायचं. पण चालायचं कधी, तर पहिला नवरा नाही असं सासरनं मान्य केलं तर. म्हणजे नीलम्मानं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं, की माझा लेक गेला.

नीलम्मानं शिवलिंगच्या ताटात भाकरी वाढली. मग म्हणाली, "गोष्ट संपू द्या."

"कसली गोष्ट?"

"हे स्वामी सांगून राहिलेत. त्यातला माणूस आला तर सुगला कुठं जात न्हाई, मलप्पा आल्यावर घर मांडंल. न्हाई आला, तर तू घेऊन जा. म्या कौल लावलाय."

शंकरप्पानं शिवलिंगकडं पाहिलं. त्या काडीसारख्या पोराला त्यानं वाकून हात जोडले आणि म्हणाला, "स्वामी, मग जरा लवकर संपवा बाबा." त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती, आणि तेच वाईट. शिवलिंगनं हातातला घास ताटात ठेवला.

"पुढच्या गुरुवारी," तो म्हणाला. शंकरप्पा तोवर नांदेडातच राहिला, कोणा पाहुण्याकडं.

तो आठवडा कसा गेला ते त्याचं त्याला ठाऊक. सहा घरी तो जेवला आणि कोणाच्या घरी काय खाल्लं ते त्याला सांगता आलं नसतं. म्हातारीचा लेक आपल्या तोंडानं मारायचा? छे! 'आला' म्हणायचं. काय बिघडतं? म्हातारीला सुख, आणि सुगलाला... इथं तो अडखळायचा, पण लगेच निबंध आठवायचा. सुगलाला वाट पाहणं! किती मोठी गोष्ट! घाटावर बसून त्यानं शेवट घोकला. धुकं, धुक्यात शीड, शिडाखाली तो. दाढी वाढलेली. दारात आई. इतका सुरेख जमला होता, की स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आलं.

गुरुवारी तो गेला तेव्हा नीलम्मा रतीब घालायला गेलेली, यायची होती. ओसरीवर तो पुस्तक मांडीवर घेऊन बसला. तेवढ्यात आतून, दाराआडून, आवाज आला. सात महिन्यांत पहिल्यांदा.

"स्वामी, एक इचारू का?"

शिवलिंग दचकलाच. "विचारा की."

"त्या बुकातली बायको हाय न्हवं, खिडकीत बसती ती. तिला कुणी इचारतं का?"

"काय विचारतं?"

"हेच की. बाई, तुला थांबायचं हाय का, म्हणून."

शिवलिंगनं मांडीवरच्या पुस्तकावर हात ठेवला. मनातल्या मनात पुस्तक चाळलं. पाद्री तिच्या घरी येतो, तिच्या धीराचं कौतुक करतो. शेजारणी येतात, पोरीबाळींना दाखवतात, बघा कशी थांबलीय. लिहिणारा तर पानापानाला तिच्या पाया पडतो. पण विचारतं का कोणी? तीनशे ऐंशी पानांत एकानंही विचारलं नव्हतं. आणि ह्या शहाण्यानंही आठ पानांत विचारलं नव्हतं.

"न्हाई," तो म्हणाला. निबंधाच्या आठवणीनं त्याचे कान तापले. मग, फार उशिरा का होईना, त्यानं विचारलं, "आन् तुम्हाला? थांबायचंय?"

आत परात सरकवल्याचा आवाज झाला. मग सुगला बोलली, हळू, पण न अडखळता. "तेंचं तोंड आठवत न्हाई मला आता, स्वामी. लई आठवते, पण येत न्हाई डोळ्यांपुढं. तीन महिने तर ऱ्हायले. मला घर पाहिजे. लेकरू पाहिजे. हे बोलाया लाज वाटती, पण खरं हाय. आन् सासूबाईला सोडायचं म्हणलं की जीव तुटतो. आईवाणी सांभाळलं तिनं मला. तुम्ही काय सांगायचं ते सांगा. म्या फकत इचारलं."

फाटकाची कडी वाजली. नीलम्मा आली. रिकाम्या चरव्या ठेवल्या, पदर कमरेला खोचला आणि शिवलिंगसमोर ऐसपैस बसली. "हां स्वामी. सांगा. आला का?"

धुकं, शीड, दाढी, दारातली आई, सगळं तोंडात तयार होतं. एक शब्द बोलायचा अवकाश, की म्हातारी फुलणार होती. आणि दाराआड एक वीस वर्षांची मुलगी, जिचं त्या एका शब्दानं उरलेलं सगळं आयुष्य बांधलं जाणार होतं. शिवलिंगच्या मनातून सारी विलायत उडून गेली.

"न्हाई आला," तो म्हणाला. "समुद्रानं नेलं त्याला."

नीलम्मानं पुस्तकाकडं बोट केलं. "कवा कळलं तुला?"

"पहिल्याच दिवशी. पुस्तक उलटं उघडलं होतं मी."

"सात महिने!" नीलम्मा कडाडली. "आरं मुर्दाडा, सात महिने तू माझ्या लेकाला पाण्यात बुडलेला ठेवून घोंगडी पांघरवूलालास? माझ्या हातचं दूध पिऊन? लाज न्हाई वाटली?"

"वाटली," शिवलिंग म्हणाला. तो रडत होता. "रोज वाटली. तुमच्या तोंडाकडं बघून बोलायची हिंमत झाली नाही."

नीलम्मा भिंतीला टेकली. म्हैस दोनदा हंबरली, तिकडं तिनं पाहिलंही नाही. मग राग ओसरलेल्या आवाजात तिनं विचारलं, "आन् तिचं काय झालं? बायकोचं?"

"ती बसली खिडकीत. केस पांढरे झाले तिचे. शेवटच्या पानावर म्हातारी होऊन बसलीय."

"आन् बुकात ते चांगलं म्हणलंय?"

"लई चांगलं म्हणलंय."

"जळो ते बूक," नीलम्मा म्हणाली.

मग तिनं हाक मारली, "सुगला, भाईर ये." सुगला आली, पिठाचे हात तसेच. नीलम्मानं तिला समोर बसवलं, डोक्यावरचा पदर मागं सारला आणि तिच्या केसांकडं पाहत राहिली. काळेभोर, जाड केस. त्यावरून तिनं एकदा हात फिरवला.

"शंकरप्पाला सांगावा धाडते," ती म्हणाली. "उद्याच्या मोटारीनं लातूरला जा. पाटाला माझं हाव हाय. स्वामी, तुम्ही साक्षीला. माझा मलप्पा..."

पुढचं वाक्य बोलायला तिला फार वेळ लागला. साडेतीन वर्षं तिनं ते दातांखाली धरून ठेवलं होतं. "माझा मलप्पा गेला," ती म्हणाली, आणि मग अशी रडली, की शेजारचे लोक भिंतीवरून डोकावले. सुगलानं तिला मिठी मारली. तीही रडत होती. "म्या जात न्हाई, सासूबाई. तुमच्यापाशीच ऱ्हाते. म्या थांबते!" चुलीवर भाकरी करपली, घरभर वास पसरला, तरी कोणी उठलं नाही.

शेवटी नीलम्मानंच डोळे पुसले. सुगलाची हनुवटी धरली आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाली, "गप. मोठी आली थांबणारी! म्या म्हणलं गेला, ते पंचांसाठी आन् औशाच्या माणसासाठी. तू बायको हायस, तुला थांबतीस का म्हणून इचारावं लागतं. म्या आई हाय. मला कोण इचारणार? म्या थांबते की. जा, कपडे बांध."

सुगला आत गेली. नीलम्मानं करपलेली भाकरी उचलून म्हशीपुढं टाकली, परातीत नवं पीठ घेतलं आणि शिवलिंगकडं न बघता म्हणाली, "बसा स्वामी. जेवल्याबिगर जायचं न्हाई."

तो बसला. ती भाकरी थापत होती, आणि थापता थापता, पीठ तसंच हाताला, तिनं एकदा मान वळवून उघड्या दाराबाहेर रस्त्याकडं पाहिलं.